आबांची उरलेली शिवी

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, घरात कधी शिवी दिली नाही. गल्लीतल्या नळावर बायका एकमेकींचे पूर्वज बाहेर काढायला लागल्या की आबा उठून दार लावून घ्यायचे. जेवताना आमच्यापैकी कोणी नुसतं ‘च्यायला’ म्हटलं तरी त्यांचा घास हातातल्या हातात थांबायचा. अशा माणसाला सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. काही दिवसांनी दवाखान्यात ती परत आली तेव्हा तिच्यात एवढंच शिल्लक होतं: “साला हरामखोर!”

पहिला मान नर्सबाईंना मिळाला. त्या बिचाऱ्या थर्मामीटर घेऊन आल्या होत्या. दुसरा मान राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांना, आणि तिसरा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षांना, जे खास अंगारा घेऊन आमच्या उधना भागातून सिटी बसने आले होते. आबा शिवी द्यायचे आणि लगेच त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपल्या तोंडून हे कोण बोललं. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने पदर तोंडात कोंबला होता आणि अध्यक्षांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

संध्याकाळी आबांच्या खात्यातले कारीगर आले. उधन्याला खातं म्हणजे सांच्यांची शेड. सांचा म्हणजे कापड विणायचा माग. आबा तिथे मास्तर होते, बिघडलेले सांचे दुरुस्त करायचे. आबांनी कारीगरांनाही तेच ऐकवलं आणि ते सगळे एकदम खूश झाले. “मास्तर तो एकदम ठीक है!” त्यातला एक उडिया कारीगर मला म्हणाला, “दिनभर साँचे को यही तो बोलते थे.”

खात्यात शंभरेक सांचे एकदम चालले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी कळत नाही. तिथली माणसं हाताने आणि ओठांनी बोलतात. म्हणजे आबा इतकी वर्षं त्या आवाजात उभे राहून, धागा तुटला की सांच्याला मनसोक्त शिव्या घालत होते, आणि रात्री घरी येऊन हातपाय धुऊन देवापुढे उदबत्ती लावत होते. मला हे ऐकून फार बरं वाटलं. मायला अजिबात वाटलं नाही.

घरी आणल्यावर गल्लीने उपचार हातात घेतला. आमच्या खोल्या दोन होत्या, पण सल्ला द्यायला येणारी माणसं चार खोल्यांत मावली नसती. कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, कोणी अक्कलकाऱ्याची फुलं आणून दिली. ती चघळली की जिभेला मुंग्या येतात. आबांच्या जिभेलाही आल्या आणि देणाऱ्याला लगेच पावती मिळाली. पोपटाने चोच मारलेला पेरू खायला घाला, असं एका आजींनी सुचवलं. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी तर कबुतराच्या रक्ताने मालिश करायचं ठरवलं होतं आणि कबूतर बघून ठेवलं होतं. मायने त्यांना दारातूनच परत पाठवलं. ते कबूतर पुढे बरेच दिवस आमच्या पत्र्यावर मजेत फिरताना दिसायचं.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर दोन शब्द लिहून दिले होते: स्पीच थेरपी. “त्यामा सुई टोचतस का?” मायने आमच्या अहिराणीत विचारलं. मला माहीत नव्हतं. मी कॉलेजात कॉमर्सला होते. आमच्या पुस्तकात माल हरवला तर काय करायचं ते होतं, शब्द हरवले तर काय करायचं ते नव्हतं.

सुई नव्हती. दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे, एक छोटी खोली होती आणि तिच्यासमोर एक बाक. त्या बाकावर बसून मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या बाकावर शिकले नाही. तिथे एक पाच वर्षांची मुलगी यायची, तिचा टाळू जन्मापासून फाटलेला होता आणि ऑपरेशननंतर तिला ‘प’ आणि ‘ब’ नव्याने शिकवत होते. एक कापड दुकानदार यायचा, तो अडखळत बोलायचा. गिऱ्हाइकाशी नाही, फक्त सासऱ्याशी. एक प्राथमिक शिक्षिका होत्या. वर्गात ओरडून ओरडून त्यांच्या घशात गाठी आल्या होत्या आणि त्यांना महिनाभर गप्प बसायचा उपचार सांगितला होता. त्या बाकावर सगळ्यात जास्त हाल त्यांचेच चाललेले दिसायचे. सोबत आलेला नवरा मात्र टवटवीत होता.

आमच्या वाट्याला आलेल्या थेरपिस्ट बाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. सुरतीच, गुजराती बोलणाऱ्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात खडू आणि चॉकलेटं. आबांनी त्यांना आल्या आल्या आपली नेहमीची भेट दिली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “सरस, काका! अवाज तो चोख्खो छे.” आवाज स्वच्छ आहे, म्हणे. शिवीतला आवाज ऐकणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. आबांचा घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, अक्कल शाबूत आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही म्हणून शब्द शोधून, जुळवून बाहेर आणायचं काम बिघडलंय. याला वाचाघात म्हणतात. पण काही गोष्टी माणूस शोधून बोलत नाही, त्या आपोआप येतात: आकडे, वार, आरती, गाणं आणि शिव्या. म्हणून त्या वाचतात. त्यांनी आबांना आरती सुरू करून दिली आणि आबांनी ती सुरात, एकही शब्द न गाळता, शेवटपर्यंत म्हटली. मग बाईंनी पाण्याचा पेला दाखवून विचारलं, हे काय? आबांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, हात हलला, पेल्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी तोंडातून काय आलं ते सांगायला नको.

मला तिथेच रडू फुटलं. मायने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. रडायला माझ्याआधी तिचा नंबर होता आणि ती रडत नव्हती.

मग आठवड्यातून दोनदा आमची वरात उधन्याहून रिक्षाने निघू लागली. बाईंकडे चित्रांचे पत्ते होते. सफरचंद, छत्री, रेल्वे इथवर ठीक. पुढे गळ्यातला टाय होता, आणि एक बर्फाचा माणूस होता, नाकाच्या जागी गाजर लावलेला. सुरतेच्या उन्हाळ्यात आबा त्या बर्फाच्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिले. हे चित्र आबांना झटका येण्याआधीसुद्धा कुठल्याच भाषेत ओळखता आलं नसतं. मायने मला अहिराणीत विचारलं की हा भूत आहे का, आणि हे म्हणता आलं नाही तर घरी सोडणार नाहीत का. मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या खेपेपासून त्यांनी तो माणूस काढला आणि आम्हीच घरून वस्तू नेऊ लागलो: बॉबिन, कात्री, भाकरी, आबांची चप्पल. कात्रीला ‘का’पर्यंत आबा पोचले तेव्हा बाकावरच्या सगळ्यांना चॉकलेट मिळालं, शिक्षिकाबाईंनासुद्धा.

सगळ्यात वाईट गोंधळ होता ‘हो’ आणि ‘नाही’चा. चहा हवा का, “हां.” नको का, “हां.” पेला पुढे केला की ढकलून द्यायचे. कधी हवं असलं तरी “नही” यायचं आणि हात मात्र पेल्याकडे. बाई म्हणाल्या, या आजारात असं होतं, विचार बरोबर असतो, शब्द उलटा निघतो. काकांच्या तोंडातल्या शब्दावर जाऊ नका, चेहरा बघा, डावा हात बघा. माय हे एका दिवसात शिकली. मी मात्र कित्येकदा ‘हां’ला फसून त्यांच्या अंगावर नको असलेली गोधडी घालायची.

आणि मग बाईंनी आबांच्या नावाचा विषय काढला. स्वतःचं नाव माणसाच्या सगळ्यात जवळचं असतं, म्हणाल्या. दिवसभर सोबत असणाऱ्या माणसाने पहिलं अक्षर द्यायचं, निम्मं नाव म्हणायचं, उरलेलं त्यांना पुरं करू द्यायचं. मी कॉलेजला जायची; दिवसभर सोबत माय. ती घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायची, तेव्हा आबा शेजारी खाटेवर असायचेच. “काकी, तमे काकानुं नाम बोलो ने,” बाई म्हणाल्या.

मायने पदर पुढे ओढला.

बाईंनी परत विचारलं, जरा मोठ्याने. माय जमिनीकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मायने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, यांना ऐकू कमी येतं का, की यांनाही कधी झटका येऊन गेलाय?

आता यांना काय सांगावं! आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मायने लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं तेवढंच. नवराही बायकोला नावाने हाक मारत नाही, आबा मायला “ऐकं का?” म्हणायचे आणि माय आबांना काहीच म्हणायची नाही, नुसती बांगड्या वाजवायची. बरं, एवढ्यावर भागत नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे जेठासमोर, तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, बोलायचंच झालं तर दाराआडून पोरांमार्फत. तेव्हा आमच्या घरात वाचा बसलेली माणसं खरं म्हणजे दोन होती, एकाची पक्षाघाताने आणि दुसरीची पदराने. बाईंनी हे ऐकून घेतलं. त्या गुजराती असल्या तरी त्यांना नवल वाटलं नाही. त्यांची आजीही तशीच होती. पण म्हणाल्या, काकींना सांग, हे औषध आहे.

रिक्षात मी मायला सांगितलं. “नाव लिधं ते त्यास्नं आयुष्य कमी व्हस,” माय म्हणाली. मी चिडले. औषध म्हणून कबुतराचं रक्त चालत नाही आणि नाव पण चालत नाही, मग चालतं तरी काय? मायने रिक्षाबाहेर तोंड केलं. तो विषय तिथे संपला. आबांना नावाची पहिली अक्षरं रोज संध्याकाळी मी द्यायची आणि ते माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे.

झटक्याला दोन महिने झाले तेव्हा मोठे बाबा आले. मोठे बाबा म्हणजे आबांचे थोरले भाऊ, अमळनेरकडच्या आमच्या गावी राहणारे. सुरत-भुसावळ ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने येताना बाजरी, मिरच्या आणि कानबाईचा प्रसाद घेऊन आले होते. आबांना बघून त्यांनी गळा काढला. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. लहानपणी आबांना त्यांनीच खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. पण आबांनी त्यांनाही शिवी दिली आणि मोठ्या बाबांचं रडणं जागच्या जागी आटलं. थोरल्या भावाला शिवी! मग कोणीतरी कौतुकाने आबांना आरती म्हणायला लावली. ती त्यांनी खणखणीत म्हटली. मोठे बाबा आणखीच घाबरले. “देवनं बठ्ठं याद शे, आन पानी मांगता येत नही?” म्हणाले. “हाई बाहेरनं शे.” बाहेरचं म्हणजे भूतबाधा. गावाकडे एक भगत होता, त्याच्याकडे न्यायचं त्यांनी मनात पक्कं केलं. आणि एकदा नेलं की तिकडेच ठेवायचं. तिकडे घर मोठं, माणसं भरपूर. इथे दोन खोल्यांत एक बाई आणि एक कॉलेजातली पोरगी काय करणार?

मी सगळं समजावून सांगितलं. मेंदूची डावी बाजू, आपोआप येणारे शब्द, आठवड्याच्या दोन खेपा. ‘कात्री’तल्या ‘का’चीही बातमी दिली. मोठे बाबा ऐकून घेत होते आणि माझ्या वेणीकडे बघत होते. शेवटी ते उठून आबांच्या खाटेशी बसले आणि त्यांनी थेट विचारलं, “गावले येस ना रे भाऊ?”

“हां,” आबा म्हणाले.

दाराआडून मायचा आवाज आला, “नही!” तो मोठ्या बाबांसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, मी तो पुढे पोचवायचा. मी पोचवला. त्यांचा ‘हां’ उलटा असतो, म्हटलं. मोठ्या बाबांनी लगेच उलटा प्रश्न टाकला, “मंग आठेच ऱ्हास का?” म्हणजे इथेच राहतोस का.

“हां,” आबा म्हणाले.

“देख,” मोठे बाबा मला म्हणाले, “येडा व्हई गया मना भाऊ.” आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

जायचं ठरलं. गल्लीलाही ते पटलं. समोरचे कबूतरवाले गृहस्थ तर स्टेशनपर्यंत यायला तयार झाले. रात्रभर मायने बडबड केली नाही, भांडी आपटली नाहीत, काहीच नाही. मला तिचा भयंकर राग आला. दाराआड उभं राहून ‘नही’ म्हणणाऱ्या बाईचा नवरा तिच्या देखत उचलून नेतात आणि ही पदर सारखा करते!

सकाळी रिक्षा येऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मायने आबांचे कपडे धुऊन, घडी करून पिशवीत भरले होते. मोठ्या बाबांनी आबांना उठवायला काखेत हात घातला. आबांनी चांगल्या हाताने खाटेची लोखंडी पट्टी धरली आणि सोडेनात. एकामागून एक शिव्या सुरू झाल्या, म्हणजे शिवी एकच, पण तिच्यात त्यांनी नको, सोडा, मी जाणार नाही, माझं घर आहे, सगळं भरलं होतं. मला ऐकू येत होतं. बाकीच्यांना हरामखोर ऐकू येत होतं. “धरा रे,” मोठे बाबा म्हणाले आणि गल्लीतले दोघंजण पुढे झाले.

तेव्हा माय आतल्या दारातून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण चेहरा सगळा उघडा होता. समोर जेठ उभा, दारात गल्लीतली माणसं. तिने आबांकडे बघितलं आणि त्यांचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. शाळेत हजेरी घेतात तसं, खणखणीत. ते नाव मी इथे लिहीत नाही. मायने घेतलं तेवढं पुरे.

आबांची शिवी अर्ध्यातच थांबली होती. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. पट्टी सोडून त्यांनी डावा हात वर केला, बोट मायवर रोखलं, मग मोठ्या बाबांकडे वळवलं. ओठ काहीतरी शोधत होते. मला वाटलं आता पुन्हा तेच.

“लाज,” आबा म्हणाले. थांबले. दम घेतला. “लाज... नही? भाऊ... भाऊसमोर!”

मोठ्या बाबांनी आबांच्या काखेतला हात काढून घेतला. ते हळूच खाटेच्या कडेला बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. थोरल्या भावासमोर बायकोने नाव घेतलं म्हणून ज्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं, तो माणूस वेडा कसा असेल, हे त्यांना मी सांगितलेल्या मेंदूच्या डाव्या बाजूपेक्षा पुष्कळ लवकर कळलं. आणि माय, जी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, “ज्यास्ले इतली लाज समजस, ते येडा नहीत. ते आठेच ऱ्हातीन.”

मोठ्या बाबांनी आबांच्या कपड्यांची पिशवी खाटेखाली सरकवली. मग त्यांनी मला सांगितलं की रिक्षावाल्याला जायला सांग आणि चहा टाक. दुपारच्या पॅसेंजरने ते एकटेच गेले. जाताना मिरच्या वाळवून ठेवायला सांगून गेले, मायला, थेट.

आबा मात्र फुगले. भिंतीकडे तोंड करून पडले ते वळेनात. माय ताट घेऊन गेली तर त्यांनी ताट सरकवलं. मी भरवायला गेले तर माझ्या हातून खाल्लं, पण मायकडे बघितलं नाही. संध्याकाळ झाली तरी तेच. मला काळजी वाटायला लागली. माय चुलीपाशी साडी पसरून धागे कापत बसली होती, नेहमीपेक्षा भरभर, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी म्हटलं, जा ना, समजूत काढ त्यांची, किती वेळ रुसून राहतील?

“ऱ्हाऊ दे,” माय म्हणाली. “दोन महिना व्हईग्यात, जो येस तो त्यास्नी कीव करस. मी बी करस.” तिने पदराने नाक पुसलं आणि बाहेरच्या खोलीकडे बघितलं. “आज ते मनासंगे भांडतस.”